सहायक फौजदार : एका पोलिसाच्या स्मरणाचा विचार

दरवर्षी २१ ऑक्टोबरला, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, देशभरातल्या पोलीस मुख्यालयांत सकाळी मानवंदनेचे संचलन होते आणि एक यादी वाचली जाते. आधीच्या १ सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्य बजावताना ज्यांचा मृत्यू झाला, त्या पोलिसांची ही नावे. यादी लांब असते. ऐकणाऱ्यांना त्यातली बहुतेक नावे अनोळखी असतात आणि कोण कसा गेला, हे यादीतून कळत नाही.

ही तारीख आली लडाखमधून. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी हॉट स्प्रिंग्ज या ठिकाणी करमसिंग यांच्या नेतृत्वाखालील पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी हल्ला केला. त्यात दहा पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला परत मिळाले आणि त्याच उजाड पठारावर पोलिसी इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या काळी तिथल्या सीमेवर पहारा होता तो पोलिसांचा. पुढे जानेवारी १९६०मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस स्मृतिदिन म्हणून पाळण्याचे ठरवले.

यादी वाचणे ही स्मरणाची एक रीत झाली. दुसऱ्याही रीती आहेत : पदक, पुतळा, चौकाला नाव, गावातले स्मारक, वारसाला नोकरी. यांतली प्रत्येक रीत गेलेल्या माणसाचे काहीतरी जपते आणि काहीतरी सोडून देते. पोलिसाच्या बाबतीत सोडून दिले जाते ते बहुधा त्याचे काम. सैनिकाच्या मरणाला युद्धाची पार्श्वभूमी असते, त्यामुळे ते समजायला सोपे जाते. पोलिसाचे मरण मात्र नाकाबंदी, पंचनामा, वॉरंट, बंदोबस्त अशा रोजच्या कामाच्या मधोमध येते. ते काम नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या मरणाचा अर्थ लागत नाही. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या उदाहरणावरून हे पाहता येते.

चौपाटीवरची नाकाबंदी

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले केडंबे हे ओंबळे यांचे गाव. जावळीच्या डोंगराळ भागातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली. कुणी गोदीत, कुणी गिरणीत, कुणी माथाडीत, कुणी पोलिसांत. सातारा जिल्ह्याची दुसरी वाट सैन्याची. ओंबळे दोन्ही वाटांनी चालले. आधी ते लष्कराच्या सिग्नल विभागात होते आणि तिथून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर १९९१मध्ये मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले. २००८ साली ते दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते.

या हुद्द्याबद्दल थोडे सांगायला हवे. फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, आणि सहायक फौजदार त्याच्या एक पायरी खाली. शिपाई म्हणून लागलेला माणूस अनेक वर्षांच्या नोकरीनंतर या पायरीवर येतो. तोपर्यंत ठाण्याच्या हद्दीतल्या गल्ल्या त्याला पाठ झालेल्या असतात. वर्तमानपत्रात फोटो येतो तो वरच्या अधिकाऱ्याचा. नाकाबंदीला लोखंडी अडथळे सरकवतो तो हा माणूस.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा हल्लेखोर मुंबईत शिरले होते. त्यांतले दोघे, अजमल कसाब आणि इस्माईल खान, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आणि मग कामा रुग्णालयाच्या परिसरात गोळीबार करून निघाले. कामाजवळच्या गल्लीत त्यांच्या गोळ्यांनी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे अधिकारी मारले गेले. पोलिसांचीच गाडी घेऊन दोघे पुढे गेले. तिचा टायर निकामी झाल्यावर नरिमन पॉइंट परिसरात त्यांनी एक स्कोडा गाडी पळवली. वायरलेसवरून तिची माहिती पसरली आणि मरीन ड्राइव्हच्या टोकाला, गिरगाव चौपाटीपाशी भडकमकर मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी रस्ता अडवून धरला.

गाडी अडथळ्यांच्या अलीकडेच थांबली, वळायचा प्रयत्न करताना दुभाजकावर चढली आणि अडकली. चकमकीत चालकाच्या जागेवरच्या इस्माईलला गोळ्या लागल्या आणि तो मारला गेला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला. ओंबळे यांच्या हातात लाठी होती. ते पुढे गेले आणि त्यांनी कसाबच्या एके-४७ रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या, तरी पकड सुटली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबवर झडप घातली आणि लाठ्यांनी त्याला नमवून जिवंत ताब्यात घेतले.

गोळ्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढत गेला आहे. लोककथा अशीच बनते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र आकड्यावर नजर खिळली की सगळे लक्ष मरणाकडे जाते आणि हातांनी काय केले ते मागे पडते. त्या हातांनी एका माणसाला अटक घडवून आणली. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले, एकच जिवंत सापडला. तो या नाकाबंदीवर.

चौपाटी ते येरवडा

एक माणूस जिवंत सापडल्याने काय बदलले? हल्लेखोरांजवळ भारतातल्या महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती. दहाही जण मेले असते, तर ते कोण आणि कुठून आले, हे मृतदेह, फोनवरची संभाषणे आणि समुद्रात सोडलेली नाव यांवरून जुळवावे लागले असते, आणि त्यावर शंका घेणाऱ्यांना मोकळे रान मिळाले असते. कसाब न्यायालयात उभा राहिला, त्यामुळे या कटाचा धागा माणसापर्यंत पोचला.

त्याचा खटला आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात न्यायमूर्ती एम. एल. तहलियानी यांच्यापुढे चालला. ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला आणि ६ मे रोजी त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. ओंबळे यांचा खून हा त्याच्यावर सिद्ध झालेल्या गुन्ह्यांपैकी एक होता. याच खटल्यात कटात मदत केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय नागरिक पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि त्यांची सुटका वरच्या न्यायालयांतही कायम राहिली. हा खटला म्हणजे केवळ उपचार नव्हता, याचा हा सर्वांत ठळक पुरावा. मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी शिक्षा कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी पुण्यातल्या येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली. चौपाटीवरच्या त्या रात्रीला चार वर्षे पुरी व्हायला पाच दिवस बाकी होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातला एक भाग सर्वसाधारण वाचकाच्या फारसा लक्षात राहिलेला नाही. कसाबला सुरुवातीला वकील नव्हता, त्यामुळे खटला सदोष ठरतो का, असा प्रश्न त्याच्या बाजूने उपस्थित झाला. न्यायालयाने खटला वैध ठरवला. पण त्याचबरोबर देशातल्या सगळ्या दंडाधिकाऱ्यांना बजावले की, अटक झालेला माणूस पहिल्यांदा समोर येईल, तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क असल्याचे सांगा. त्याच्याकडे पैसे नसतील, तर सरकारी खर्चाने वकील द्या. हे न करणे म्हणजे कर्तव्यात कसूर. म्हणजे कोंबडी चोरल्याच्या आरोपावरून पकडलेल्या एखाद्या गरीब माणसाचा हक्कही या निकालाने पक्का झाला. आपण २६ नोव्हेंबर संविधान दिन म्हणूनही पाळतो, कारण १९४९ साली त्याच तारखेला संविधान स्वीकारले गेले. ओंबळे यांनी रायफलची नळी धरली तेव्हा यातले काहीच त्यांच्या मनात नसणार. पण गुन्हेगाराला न्यायालयापुढे नेऊन उभे करणे हेच पोलिसाचे काम, आणि ते काम त्यांनी त्या क्षणी शेवटपर्यंत केले.

वीरगळ आणि बालपरवेशी

कर्तव्यावर मेलेल्या माणसाची आठवण दगडात कोरायची रीत आपल्याकडे पोलीस दल जन्मण्याच्या कितीतरी आधीची आहे. पुणे, सातारा, कोल्हापूर भागात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. सर्वांत खाली लढाईचा प्रसंग, बऱ्याचदा पळवून नेल्या जाणाऱ्या गाई आणि आडवा आलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याहून वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. गावाची गुरे राखताना, वेशीवर दरोडेखोरांना अडवताना पडलेली ही माणसे. आजच्या भाषेत तो बंदोबस्तच म्हणायचा. पुण्याशी जवळचे नाते असलेले जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर आणि एस. सेट्टर यांनी १९८२ साली संपादित केलेल्या ग्रंथामुळे या दगडांकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष गेले.

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर शिलालेख आहेत. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. कोण मेला ते कळत नाही. कशासाठी आणि कसा मेला, ते मात्र चित्रातून स्पष्ट कळते. म्हणजे वीरगळाने कृती जपली आणि नाव सोडले. मुख्यालयात वाचली जाणारी यादी याच्या नेमकी उलट. तिच्यात नाव राहते आणि कृती गळते.

स्मरणाचा आणखी एक जुना प्रकार कागदावर आहे. पेशवेकाळात लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलांच्या पालनपोषणासाठी नेमणूक करून दिली जाई. तिला बालपरवेशी म्हणत. पुण्यातल्या पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांना हा शब्द परिचित आहे. आजचे निवृत्तिवेतन, सानुग्रह अनुदान आणि अनुकंपा तत्त्वावरची नोकरी ही त्याचीच आजची रूपे. स्मारकांवर बोलताना ही बाजू दुय्यम मानली जाते. घरच्यांच्या दृष्टीने मात्र पहिला सन्मान तोच असतो, आणि तो वेळेवर मिळाला तरच सन्मान ठरतो.

पदक, पुतळा, भिंत आणि कोळी

ओंबळे यांच्या वाट्याला आलेले सन्मान या कसोटीवर पाहू.

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. शांतताकाळातल्या शौर्याचे हे सर्वोच्च पदक. त्याच यादीत करकरे, कामटे आणि साळसकर हेही होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांपासून सहायक फौजदारापर्यंत हुद्द्यांचे मोठे अंतर, पण पदक एकच. पोलीस दलासारख्या उतरंडीच्या व्यवस्थेत ही साधी गोष्ट नाही. शिवाय पदकासोबत मानपत्र असते आणि त्यात काय घडले ते लिहिलेले असते. म्हणजे नाव आणि कृती दोन्ही त्यात टिकतात. अडचण एवढीच की मानपत्र फार थोडे लोक वाचतात.

गिरगाव चौपाटीजवळ ओंबळे यांचा पुतळा आहे. पुतळ्याचे बळ जागेत असते. समुद्रावर भेळ खायला आलेल्या माणसाला तो थांबवतो आणि हे इथे घडले, असे सांगतो.

दिल्लीत चाणक्यपुरीला २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. मध्ये ३० फूट उंच आणि २३८ टन वजनाचा ग्रॅनाइटचा स्तंभ आहे आणि भोवतीच्या भिंतीवर १९४७पासून कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावे. उद्घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. स्वातंत्र्यानंतर एवढी माणसे गेली आणि त्यांच्यासाठी देशाच्या राजधानीत जागा व्हायला ७१ वर्षे लागली.

सर्वांत अनपेक्षित सन्मान प्राणिशास्त्रातून आला. २०२१ साली ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. या गटातले कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाहीत. समोर दिसलेल्यावर थेट झेप घेतात. शास्त्रीय नामकरणाच्या प्रथेप्रमाणे ‘तुकारामी’ म्हणजे ‘तुकारामाचा’. आपल्याकडे तुकारामाचे म्हटले की देहू आठवते, त्या शब्दाला हा नवा अर्थ चिकटला. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत त्या कोळ्याचा उल्लेख होईल, तेव्हा जावळीतल्या एका माणसाचे नाव उच्चारले जाईल. गंमत अशी की नाव आणि कृती या दोन्हींची सांगड इथे आपोआप बसली.

आणि शेवटी गाव. मार्च २०२५मध्ये राज्य सरकारने केडंबे इथे ओंबळे यांच्या स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपयांना मान्यता दिली. घटनेनंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने.

हुतात्मा हा शब्द

मराठीत अशा मरणाला आपण हुतात्मा, शहीद, वीरमरण असे शब्द वापरतो. त्यांतल्या हुतात्मा शब्दाला महाराष्ट्रात एक खास इतिहास आहे. मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनच्या चौकाला आपण हुतात्मा चौक म्हणतो तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत बळी गेलेल्यांमुळे, आणि त्यांतले बहुतेक पोलिसांच्या गोळीबारात गेले. जो शब्द पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांसाठी रूढ झाला, तोच आता गोळी झेललेल्या पोलिसासाठीही आपण वापरतो.

यात विसंगती दिसली, तरी ती झाकायचे कारण नाही. पोलीस आणि लोक यांच्यातले अंतर १८६१च्या पोलीस कायद्यापासूनचे आहे. परक्या सरकारला लोकांवर वचक बसवणारे दल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले, ते हेच जुने वळण बदलण्यासाठी. म्हणूनच ओंबळे यांच्या कृतीचा तपशील महत्त्वाचा. त्यांचा सन्मान म्हणजे पोलीस करतील ते सगळे योग्य, असे म्हणणे नव्हे. आरोपीला जिवंत पकडणे, कायद्याच्या हवाली करणे आणि पुढचे न्यायालयावर सोपवणे हे पोलिसाचे सर्वांत कठीण आणि सर्वांत खरे काम आहे, असे त्यात आपण म्हणत असतो. चकमकीत ‘निकाल लावणाऱ्यां’चे कौतुक करणाऱ्या समाजाला हा सन्मान थोडा अवघड जायला हवा.

उरलेले ऋण

हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने शस्त्रे, नेमबाजीचा सराव आणि संकटकाळची आदेशांची साखळी यांतल्या उणिवांवर बोट ठेवले. राज्याने फोर्स वन हे विशेष पथकही उभारले. पण विशेष पथक निघून येईपर्यंत पहिली काही मिनिटे रस्त्यावर जो असतो, तो ठाण्यातला शिपाई किंवा सहायक फौजदारच. एके-४७पुढे लाठी घेऊन जाणाऱ्याच्या धैर्याचे वर्णन करताना त्याच्या हातात लाठीच का होती, हा प्रश्न वर्णनात विरघळून जाऊ नये.

दुसरे ऋण प्रसिद्धी न मिळालेल्यांचे. ओंबळे यांना अशोकचक्र मिळाले त्याच वर्षी, ८ ऑक्टोबर २००९ रोजी, गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ लाहेरीच्या जंगलात माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, त्याच जिल्ह्यात जांभुळखेडा इथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक गेला. तिथे चौपाटी नव्हती, कॅमेरे नव्हते. त्यांची नावे भिंतीवर आणि यादीत येतात. त्यांनी काय केले, ते मात्र त्यांच्या गावांपलीकडे फारसे पोचलेले नाही.

केडंब्याचे स्मारक कसे असावे, हे ठरवताना वीरगळ घडवणाऱ्या पाथरवटाकडून एक गोष्ट घ्यावी. त्याने वीराचा चेहरा हुबेहूब काढण्यापेक्षा प्रसंग नीट कोरला. नुसत्या अर्धपुतळ्याऐवजी तिथे अडकलेली गाडी, लाठी, नळीवरचे दोन हात आणि झडप घालणारे सहकारी दिसावेत. आणि त्याच्या वर, जिथे जुन्या दगडांत शिवपूजा असते, तिथे न्यायालय असावे. खाली नाव असावेच, हुद्द्यासकट : सहायक फौजदार. गावातली शाळकरी मुले ते पाहतील आणि विचारतील, की त्याला मारून का नाही टाकले? तेव्हा उत्तर देणारे कुणीतरी तिथे असावे.